जना मेंगाळ पाटी पुसत नाही

शहापूरच्या बाजारपेठेत भाताच्या गिरणीला लागून निमसे गुरुजींचा गाळा आहे आणि गाळ्याच्या पुढे ओटा आहे. दोन हजार दोन साली त्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात एक टेबल आलं, एक स्टूल आलं आणि वर पत्र्याची पाटी लागली: ‘रेडिओ, टेप, बॅटरी, चार्जर. दुरुस्त करून मिळतील. जना वाळू मेंगाळ.’ पेठेला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कुणी म्हणालं, बाईच्या नावाची पाटी दवाखान्यावर ठीक, इथे कशाला. कुणी म्हणालं, नवऱ्याचं नाव तरी मधे कशाला घातलं, त्याला रेडिओ कुठल्या बाजूने बोलतो तेही माहीत नाही. हे दुसरं मात्र अगदी खरं होतं. वाळू मेंगाळ म्हणजे देवमाणूस. दुपारी बायकोचा डबा घेऊन यायचा, ओट्याखाली उकिडवा बसून बिडी ओढायचा. कुणी चिडवायला विचारलं, काय वाळू, धंदा कसा चाललाय, तर मालकिणीला विचारा म्हणायचा, आणि त्यात त्याला कसलीही लाज वाटत नसे. चिडवणाऱ्याचीच मजा जायची.

जना आटगावच्या पलीकडल्या ठाकूरवाडीतली सून. माहेर सिद्धगडच्या पायथ्याचं, जिथे तेव्हा वीज होती ती फक्त पावसाळ्यात आभाळात. लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, वाशिंदला चार्जर आणि ट्रान्स्फॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. कंपनीला बायकाच हव्या होत्या. बायकांची बोटं बारीक असतात आणि तोंड बंद असतं, असा तिथल्या साहेबांचा समज. बोटांबद्दलचा समज बरोबर निघाला.

तोंडाचं असं झालं, की एकदा सुपरवायझरने जनाचा चाळीस चार्जरांचा आख्खा ट्रे नापास केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, रानातून उठून आल्या, सोल्डरिंगचे डाग द्यायला बसल्या. जना उठली. ट्रे उचलला, कॅन्टीनच्या दारात मांडी घालून बसली, आणि जोवर साहेब आपला मीटर दुसऱ्या मीटरशी लावून बघत नाही तोवर उठणार नाही असं सांगून बसली. दोन पाळ्या बसली. शेवटी मोठ्या साहेबाने दुसरा मीटर मागवला. चाळीसच्या चाळीस चार्जर पास. सुपरवायझरच्या मीटरमधला सेल उतरलेला होता. तेव्हापासून लाइनवरच्या बायका कुठलीही वस्तू बिघडली, की आधी म्हणायच्या, साहेबांचा सेल बघा गो.

दहा वर्षांनी कंपनीच्या फाटकाला कुलूप लागलं. बाकीच्या बायका वीटभट्टीवर गेल्या, कुणी कल्याणला धुण्याभांड्यांना गेल्या. जनाने भंगारातून एक मीटर मिळवला आणि शहापूर गाठलं. चार्जर ती कल्याणच्या व्यापाऱ्याकडून आणायची, पण आणला तसा कधी दिला नाही. प्रत्येक उघडायची, कच्चे डाग पुन्हा पक्के करायची, मीटर लावून बघायची आणि मग पोटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. पेठेत म्हण पडली होती, की ठिपक्याचा असेल तर डोळे झाकून घ्यावा. नेलपॉलिशवरून वाळूला किती ऐकावं लागलं ते सोडा.

आता गुरुजींकडे येऊ. भगीरथ निमसे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, गुरुजी लग्नं जुळवण्याच्या नादी लागले. गाळ्यात त्यांनी कुणबी समाजासाठी वधूवर मंडळ काढलं. शहापूर, मुरबाड, भिवंडी, तीन तालुक्यांतल्या मुलामुलींची उंची, रंग, शिक्षण आणि मामाकूळ त्यांना तोंडपाठ. कोणाची मुलगी घरी का बसली आहे हे मुलीच्या आईच्या आधी गुरुजींना कळायचं. माणूस वाईट नव्हता. पण चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याची पाठ नेहमी फळ्याकडे असते.

दोन हजार सहा साली पुतण्याने त्यांना लॅपटॉप आणून दिला. पेठेतला पहिलाच. गुरुजी तो नव्या सुनेसारखा झाकून ठेवायचे आणि नव्या सुनेसारखाच पाहुण्यांना दाखवायचे. पुढच्या वर्षी दिवाळीआधी घुशीने चार्जरची वायर कुरतडली. तेव्हा बारा-बारा तास लोडशेडिंग. चार्जर नाही म्हणजे लॅपटॉप नुसता बसायचा पाट. मूळ कंपनीचा चार्जर यायला महिना लागणार होता. जनाने तीन दिवसांत दिला.

तो देताना तिने खटपटही केली होती. त्या जातीच्या लॅपटॉपच्या चार्जरला टोकाशी, नळीच्या मधोमध, केसाएवढी पिन असते. करंट नळीतून जातो. पिन फक्त निरोप्या. चार्जर कोणता आहे, किती ताकदीचा आहे, हे ती लॅपटॉपला सांगते. कल्याणच्या व्यापाऱ्याने बजावलं होतं, की बिनपिनेचा स्वस्तातला घेऊ नको, मशीन रुसतं. म्हणून जनाने मुद्दाम पिनेचा शोधून आणला, उघडला, डाग पक्के केले, ठिपका दिला. दिवाळी गेली, तुळशीची लग्नं झाली, संक्रांत झाली. लॅपटॉप तुरुतुरु चालत होता. कुणाची तक्रार नाही.

माघात मात्र लॅपटॉपने अंग टाकलं.

त्याचं असं झालं, की सरळगावकडची मोठी मंडळी स्थळ बघायला आली. सात माणसं. गुरुजींनी मुलीचा फोटो उघडायला घेतला. फोटो वरून खाली उघडू लागला. कपाळ दिसलं. भुवया येईपर्यंत चहा होऊन गेला. नाकाशी येऊन फोटो जो अडला तो अडलाच. मुलाची आत्या तिखट; तिने विचारलं, बाकीची मुलगी कधीच्या गाडीने येणार? मंडळी हसत उठली, आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या मध्यस्थाकडून सोयरीक पक्की करून मोकळी झाली.

गुरुजींना हे लागलं. त्यातून त्यांच्या ध्यानात आलं, की चार्जर काढला तर उरलेल्या बॅटरीवर लॅपटॉप पूर्वीसारखा पळतो, चार्जर लावला की म्हातारा होतो. आणि लावून लावून बॅटरी भरत तर नाहीच. मग आणखी काय पुरावा हवा? मेलेला साप धरावा तसा चार्जर धरून ते ओट्यावर आले. गिरणीपुढे भाताची पोती घेऊन माणसं बसली होती, समोर न्हाव्याच्या दुकानात अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात गुरुजी म्हणाले, "जना, तुझ्या चार्जरने माझा लॅपटॉप नासवला. रेडिओ कर, बॅटऱ्या कर, ते तुझ्या हातचं आहे. पण शनिवारपर्यंत पाटीवरचा ‘चार्जर’ पुसून टाक. नाहीतर ओटा मोकळा कर."

जनाने हातातलं काम खाली ठेवलं. "चार्जर वाईट असंल तर मी आख्खी पाटी उतरवीन, गुरुजी. पण आधी मला तो लॅपटॉप बघू द्या."

न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीसकट ओट्याजवळ आलं. आता नाही म्हणणं बरं दिसेना. गुरुजींनी लॅपटॉप आणला, सून रेश्माही मागोमाग आली. जनाने चार्जर लावून मशीन सुरू करायला सांगितलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या, तशी गुरुजींनी बटण दाबून त्या झटकन घालवल्या.

ते काय होतं, असं जनाने विचारलं. गुरुजी म्हणाले, जाहिरात असते, रोज सकाळी येते.

जनाने पुन्हा सुरू करायला लावलं आणि रेश्माला ते वाचायला सांगितलं. रेश्मा बारावी झालेली. तिने वाचलं, सासऱ्याकडे बघितलं, आणि हळूच अर्थ सांगितला: जोडलेला चार्जर कोणता आहे ते ओळखता येत नाही, त्यामुळे मशीन हळू चालेल आणि बॅटरी भरणार नाही.

गुरुजींचा चेहरा बोर्डात आल्यासारखा फुलला. ते माणसांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? मी नाही, मशीनच सांगतंय. हिचा चार्जर ते ओळखत नाही."

ज्यांनी डोळे झाकून ठिपक्याचे चार्जर नेले होते, तेही आपापल्या चपलांकडे बघू लागले. पडद्यावर छापून आलेल्या इंग्रजीपुढे कोण काय बोलणार?

वाळू डबा घेऊन आला तेव्हा जना चार्जर उघडून बसली होती. हकिगत त्याला ओट्याच्या पायरीपर्यंत पोचायच्या आतच चौघांनी सांगितली होती. तो बिडी न पेटवताच म्हणाला, पुसून टाक ना गो, एक शबुद तर हाय.

"आज चार्जर पुसला, तर उद्या बॅटरी पुसायला लावतील, परवा रेडिओ," जना म्हणाली. "मंग पाटीवर एकटं तुझंच नाव राहील. तू करशील दुरुस्त?"

वाळूने बिडी पेटवली.

पण आतून जना हादरलीच होती. मीटर लावला, आकडा बरोबर. नळीच्या दोन्ही वायरी बरोबर. निरोप्याची तिसरी बारीक वायर टोकापासून टोकापर्यंत अखंड. पिन सरळ, चकचकीत. चार्जर बोलत होता. मग मशीनला ऐकू का येत नव्हतं? तिथेच तिचा हात थांबला. मशीन म्हणालं होतं, ओळखता येत नाही. वाईट आहे, असं कुठे म्हणालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गाळा उघडायला आले तशी जना उठून उभी राहिली. गिरणीपुढे कालचीच निम्मी माणसं होती; खरं तर भात संपूनही दोघं-तिघं मुद्दाम आली होती.

"गुरुजी, आमच्या वाडीत धोंडी म्हातारा हाय. त्याला दिसत नाय. घरची सून दारात आली तरी इचारतो, कोन गो तू. म्हनून सून परकी झाली काय? त्याचे डोळे बघायला नको?"

माणसं हसली. गुरुजींना हसू आलं नाही, कारण म्हातारा कोण आणि लॅपटॉप कोणाचा हे सगळ्यांनी मनात जुळवलं होतं. त्यांनी ठणकावलं, की मूळ चार्जर होता तोवर मशीनचे डोळे चांगले होते. जना म्हणाली, मग तसला मूळ कंपनीचा चार्जर लावूनच बघू. आणि माझा चार्जर दुसऱ्या, तसल्याच लॅपटॉपला लावून बघू. मूळ चार्जरने तुमचा लॅपटॉप पळाला, तर ‘चार्जर’ नाही, आख्खी पाटी माझ्या हाताने विहिरीत टाकीन. नाही पळाला, तर इथे ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर बोलायचं, की जनाचा चार्जर चांगला.

तसला दुसरा लॅपटॉप होता मुरबाडला, चंदर देसलेकडे. चंदर तिथल्या कारखान्यात कामाला, गुरुजींचा विद्यार्थी, आणि त्याचं लग्नही गुरुजींनीच जुळवलेलं. म्हणजे माणूस गुरुजींच्या बाजूचा. जनाने त्याचंच नाव सुचवलं तेव्हा पेठेतल्या जाणत्यांनी माना हलवल्या. बाई एक तर वेडी आहे, नाहीतर तिला पुरतं माहीत आहे. गुरुजींना आता मागे फिरता येईना.

शुक्रवारी किन्हवली-सरळगाववरून जाणाऱ्या एसटीत पेठेने एक दृश्य बघितलं, ते अजून सांगतात. पुढच्या सीटवर गुरुजी, मांडीवर लॅपटॉपची बॅग बारशाच्या बाळासारखी धरलेली. मागच्या सीटवर जना, पदरात चार्जर. तिच्या शेजारी वाळू, आयुष्यात पहिल्यांदा खिडकी मिळाल्याच्या आनंदात.

चंदरने गुरुजींना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, जनाला बसायला चटई दाखवली. जना बसली नाही. तिने आधी चंदरचा मूळ चार्जर गुरुजींच्या लॅपटॉपला लावायला सांगितला. मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर त्याच ओळी. चार्जर ओळखता येत नाही. फोटो उघडला, कपाळ आलं, भुवया आल्या, नाकाशी गाडी थांबली.

"हा तर कंपनीचा," चंदर म्हणाला आणि डोकं खाजवू लागला.

मग जनाने पदरातला ठिपक्याचा चार्जर काढून चंदरच्या लॅपटॉपला लावला. ओळी नाहीत, काही नाहीत. बॅटरीचा दिवा लागला, चंदरच्या लग्नाचे फोटो पटापट पळू लागले. त्यात गुरुजी अक्षता टाकताना होते, तेही पळाले.

गुरुजी म्हणाले, असेल काहीतरी योगायोग. जना मशीनकडे वळली. टॉर्च मागितला आणि गुरुजींच्या लॅपटॉपच्या बाजूचं, चार्जर घालायचं भोक उजेडात धरलं. मधोमध जिथे ती केसाएवढी पिन शिरते, तिथे आत एक इवलीशी पाकळी असते. पिन तिला टेकली की निरोप पोचतो. पाकळी एका बाजूला चेपून बसली होती आणि तिच्यात लोखंडाचं एक बारीक टोक रुतलेलं चमकत होतं.

"गुरुजी, यात काय घातलं होतं?" चंदरने विचारलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. गुरुजींच्या घरी स्टोव्हची पिन म्हणजे सर्व रोगांवर औषध. स्टोव्हचा बर्नर तिने साफ व्हायचा, शाईच्या पेनची जीभ तिने, तपकिरीच्या डबीचं झाकण तिने, आणि रेश्मा सांगते त्यावर विश्वास ठेवायचा तर सासूबाईंच्या कुड्यांचा मळसुद्धा तिनेच. खोटं बोलायची मात्र मास्तरांना सवय नव्हती.

"शेजारी गिरणी," ते म्हणाले. "सगळीकडे कोंडा उडतो. त्या भोकात भरायचा. मी दर शनिवारी साफ करतो. स्टोव्हच्या पिनेने. एकदा जरा टोक मोडलं."

"कधी मोडलं?" जनाने विचारलं.

"संक्रांतीनंतर."

वाळू इतका वेळ दारात उभा होता. तो सहज म्हणाला, खेकड्याच्या बिळात काडी घालायची ती पन आत कोन राहतं ते ठाऊक असंल तर. चंदरची बायको आत जाऊन हसली.

परतीच्या एसटीत गुरुजी पुढे बसले नाहीत, जनाच्या शेजारच्या सीटवर आले. सरळगाव आलं. मग म्हणाले, की जाऊ दे, झालं गेलं. पाटी राहू दे, ओटाही राहू दे. पेठेत उगाच चर्चा नको. मोठ्या मनाने बोलले, असं त्यांना स्वतःला वाटलं.

"पाटी राहू दे म्हनायला ती तुमची कुठं हाय?" जना म्हणाली. "ओटा तुमचा. पाटी माझी. वाईट बोललात ते बाजारात, आन चांगलं बोलायचं ते एसटीत? तसं नाय जमायचं."

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. शनिवार उजाडला. ते ओट्यावर आले, गाळा उघडला, आत गेले. कुणाशी काही बोलले नाहीत. माणसं वाट बघून कंटाळली. दुपारी वाळू डबा घेऊन आला तेव्हा जनाने त्याला डबा खाली ठेवून टेबल उचलायला सांगितलं. स्टूल स्वतः घेतलं. पाटी काढली, पदराने पुसली, म्हणजे धूळ पुसली, आणि रस्ता ओलांडून समोर सोमीच्या सुकटीच्या दुकानाशेजारी लावली. सोमी सुकट विकणारी, जीभ तिची बोंबलापेक्षा खारट. तिने लगेच जागा करून दिली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगू लागली, की माझ्या दुकानाला आता लाइटवाली बाई आली. रेडिओंना महिनाभर जवळ्याचा वास येत होता. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

गुरुजी लॅपटॉप घेऊन कल्याणला गेले. दुकानदाराने आख्खं बोर्ड बदलावं लागेल असं सांगितलं. दुसऱ्याने महिनाभर ठेवून जा म्हटलं. इकडे लग्नसराई तोंडावर आलेली, तीन तालुक्यांच्या मुली नाकापर्यंत उघडून अडकलेल्या. गाळ्यासमोर गाडी लावून मंडळी यायची आणि अर्ध्या तासाने कपाळावर आठ्या घेऊन जायची. रेश्माने एकदा जेवायला वाढताना एवढंच म्हटलं, की आबा, तेवढी पाकळी बदलायची तर रस्ता ओलांडायचाय. गुरुजी अर्ध्या ताटावरून उठले.

आठवडी बाजाराचा दिवस होता. गिरणीपुढे पोती, न्हाव्याकडे गर्दी, सुकटीवर तर रांगच. गुरुजी लॅपटॉपची बॅग घेऊन रस्ता ओलांडून आले आणि पाटीखाली उभे राहिले. जनाने मान वर केली नाही. एका टेपचा पट्टा बसवत होती. गुरुजींनी बॅग टेबलावर ठेवली. जनाने ती उचलून त्यांच्या हातात परत दिली आणि वाट बघत राहिली.

गुरुजी घसा साफ करून, सुकटीच्या वाट्याला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जनाचा चार्जर चांगला होता. पिन मी घातली."

सोमीने तराजू खाली ठेवला. समोर न्हाव्याचा वस्तरा थांबला.

"गुरुजी," जना म्हणाली, "मागच्या बाकावर आयकू नाय आलं."

चाळीस वर्षं हेच वाक्य ज्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं, त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं. मग फळ्यापाशी उभे राहिल्यासारखे ताठ झाले आणि असं काही खणखणीत बोलले, की गिरणीतला माणूस पट्टा थांबवून बाहेर आला.

जनाने बॅग घेतली, लॅपटॉप उलटा केला आणि पेचकस मागायला वाळूकडे हात पुढे केला. वाळूने हातोडी दिली.